सल्ला : रील्स काढू की कार्यालयाला कुलूप लावू?

सांगलीतील एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे :

"एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत काही वर्षे वार्ताहर म्हणून काम केल्यानंतर मी विश्रामबागमध्ये जनसंपर्काचे छोटे कार्यालय सुरू केले. सोबत एक सहकारी मुलगी आहे. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एक फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), मिरजेतील एक रुग्णालय आणि तासगाव रस्त्यावरील बेदाण्याचे एक शीतगृह हे माझे मुख्य ग्राहक. ऑर्डरी घटल्यामुळे फाउंड्रीने तिसरी पाळी बंद करायचे ठरवले आहे. पण त्याबद्दल अवाक्षरही काढू नका, खंडेनवमीच्या यंत्रपूजनाचे रील तेवढे झकास करा, असे मालकांचे म्हणणे आहे. रुग्णालयाचे काम डॉक्टरांच्या भाच्याने हातात घेतले आहे आणि तो बऱ्या झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ टाकतो. शीतगृहाने माझे मासिक मानधन 25,000 रुपयांवरून 12,000 वर आणले, वर आठवड्याला तीन रील्स मागितली आणि स्थानिक पेजवाल्यांना पैसे देऊन, जाहिरात आहे असे न सांगता, कौतुकाच्या पोस्ट टाकून घ्या असा आग्रह धरला आहे. ओळखीचे बरेच पत्रकार व्यवसाय सोडून गेले, जिल्हा पुरवणीची पाने घटली. आता मी पूर्णपणे सोशल मीडियाचे काम करावे, पुण्यात नोकरी धरावी, की हे सगळे बंद करावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन वाटा विचारल्या आहेत, पण चौथी वाट तुमच्याच पत्रात आहे. ज्या कामाबद्दल मालकांनी तुम्हाला गप्प बसायला सांगितले आहे तेच काम या घडीला तुमच्या हातून होण्यासारखे आहे आणि त्याचेच पैसे मिळण्यासारखे आहेत. मंदीत धंद्याला प्रसिद्धी कमी लागते आणि खुलासा जास्त लागतो. चांगल्या दिवसांत यंत्रपूजनाचा फोटो छापून आला तर मालक खूश होतात, नाही आला तरी कोणाचे काही अडत नाही. ऑर्डरी घटल्या की कामगार, माल पुरवणारे, जॉबवर्क करणारे आणि बँकेचे साहेब हे सगळे एकच प्रश्न विचारू लागतात, आणि त्याचे उत्तर कोणी लिहून दिलेले नसते. ते लिहिणारी व्यक्ती म्हणून तुम्ही उभ्या राहा. रील्सचा कारखाना काढू नका. त्या बाजारात तुमची स्पर्धा भाच्यांशी आहे आणि भाचे फुकट काम करतात.

फाउंड्रीपासून सुरुवात करू, कारण खरी गाठ तिथेच आहे. मालकांना वाटते की बोललो नाही तर कोणाला कळणार नाही. पण तिसरी पाळी बंद होणार हे पाळीवरच्या माणसाला, त्याच्या घरच्यांना, फाटकासमोरच्या चहावाल्याला आणि रात्रीच्या रिक्षावाल्याला एका दिवसात कळते. मालक गप्प राहिले की "पाळी बंद झाली" याचे "कंपनी बंद पडणार" व्हायला व्हॉट्सॲपवर एक संध्याकाळ पुरते. त्यानंतरचा खर्च मालकांनी कधी वहीत मांडलेला नसतो. कच्चा माल देणारा उधारी थांबवून रोख मागतो, आणि ज्यांना ठेवायचे होते तेच कुशल मोल्डर आणि फिटर कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात चौकशी करू लागतात. कॅश क्रेडिटच्या, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या, नूतनीकरणाच्या वेळी शाखाधिकारी भुवया उंचावतात ते वेगळेच. अशा वातावरणात यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेले आणि मागे ढोल वाजणारे रील बाहेर पडले, तर ज्याचे काम गेले तो माणूस त्याखाली काय लिहील याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आहे. मालकांशी बोलताना नीतीचा मुद्दा बाजूला ठेवा आणि हा खर्च सांगा. तो त्यांना लगेच समजेल.

लोकांना अडचणीच्या वेळी कोणती माहिती हवी असते हे सांगलीकराला शिकवण्याची गरज नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या पुढे गेले, तेव्हा अख्खे शहर ज्या संदेशाची वाट पाहत होते त्यात पातळीचा आकडा आणि वेळ एवढेच असे. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे, त्यामुळे त्या आकड्याला विशेषणांची गरज पडत नव्हती. फाउंड्रीच्या कामगारालाही असाच मजकूर हवा आहे. पगार किती तारखेला, दिवाळीच्या बोनसचे काय, कोणाचे काम राहणार आणि विचारायचे कोणाला, एवढेच त्याला कळायचे आहे.

म्हणून मालकांसमोर रिकाम्या हाताने जाऊ नका, मसुदा घेऊन जा. तो साधारण असा असावा : "ऑर्डर कमी झाल्यामुळे येत्या 1 तारखेपासून तिसरी पाळी बंद राहील. पहिली व दुसरी पाळी नेहमीप्रमाणे चालू राहील. तिसऱ्या पाळीतील कायम कामगारांना पहिल्या दोन पाळ्यांत सामावून घेतले जाईल. त्यांची यादी टाइम ऑफिसबाहेर लावली आहे. कंत्राटी कामगारांचा हिशेब ठेकेदारामार्फत 7 तारखेपर्यंत पूर्ण केला जाईल. सर्वांचा पगार नेहमीच्या तारखेला बँक खात्यात जमा होईल. बोनसबाबतचा निर्णय दसऱ्यापूर्वी याच फलकावर लावू. शंका असल्यास सकाळी 10 ते 11 या वेळेत टाइम ऑफिसमध्ये भेटावे." खाली मालकांची स्वतःची सही हवी, "आदेशावरून" असे मोघम काही नको. यातील एकही वाक्य खरे नसेल तर ते काढून टाका. बोनसबद्दल काही ठरलेच नसेल, तर ते कधी ठरेल तेवढी तारीख द्या आणि ती पाळा. कामगार कायद्याच्या जाणकार सल्लागाराच्या नजरेखालून गेल्याशिवाय हा कागद फलकावर जाऊ देऊ नका, कारण पाळी बंद करणे आणि माणसे कमी करणे यांचे कायदेशीर परिणाम वेगवेगळे आहेत आणि तो विषय तुमचा नाही.

कोणाला आधी सांगायचे, या क्रमातही तुमच्या अनुभवाचा उपयोग आहे. फलक लागण्याच्या आदल्या दिवशी सुपरवायझरांना बोलावून तो वाचून दाखवायला लावा, कारण पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो आणि त्यांना काही माहीत नसले की ते खांदे उडवतात. मग कामगार, त्याच दिवशी जॉबवर्कवाले आणि माल पुरवणारे यांना फोन, आणि बँकेला पत्र. वर्तमानपत्राकडे आपण होऊन जायचे कारण नाही. पण वार्ताहराचा फोन आला तर देण्यासाठी चार ओळी लिहून ठेवा आणि मालकांकडून पाठ करून घ्या. "आम्हाला काही बोलायचे नाही" हे उत्तर छापून आले की त्याचा अर्थ वाचक आपापला लावतो. तुमच्या व्यवसायाचा एक आद्य पुरुष मानला जाणारा आयव्ही ली याने 1906 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अपघातानंतर पत्रकारांना लांब ठेवण्याऐवजी थेट घटनास्थळी नेले होते. तेव्हाच्या रेल्वे मालकांची सवय आजच्या कुपवाडच्या मालकांहून फार वेगळी नव्हती.

मालक तरीही नाहीच म्हणाले तर? मग यंत्रपूजनाचे साधे चित्रीकरण करून द्या, हरकत नाही; पण "भरभराट", "विस्तार", "नवी शिखरे" असले शब्द त्यावर घालायला स्पष्ट नकार द्या. वर्षभरानंतरही कुपवाडमधल्या दुसऱ्या कारखान्याच्या दारात तुम्हाला आज ज्या नावाने ओळखतात त्याच नावाने उभे राहायचे आहे.

आता सोशल मीडियाविषयी. त्याला तुच्छ लेखावे असे मी म्हणत नाही. त्याच्या भरवशावर पूर्ण संसार मांडू नये एवढेच सांगतो. 2018 च्या जानेवारीत फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य द्यायचे जाहीर केले आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या संस्थांच्या पानांची पोच घसरली. 2020 च्या जूनमध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली. आपल्याच भागातल्या किती पोरांचे लाखालाखांचे चाहते एका रात्रीत नाहीसे झाले, हे तुम्ही पाहिले असेल. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणली आणि सगळी जत्रा तिकडे सरकली. ही जागा भाड्याची आहे आणि मालक नोटीस न देता नियम बदलतो. म्हणून ग्राहकाकडे त्याच्या स्वतःच्या मालकीची एक यादी असली पाहिजे. त्या यादीत संमतीने घेतलेले फोन क्रमांक असावेत, आणि त्यावर फक्त कामाचा मजकूर जावा. सुप्रभातचे गुलाब त्यात नकोत.

शीतगृहाच्या बाबतीत ही यादी सोन्यासारखी आहे. तिथे बेदाणा ठेवणारा शेतकरी तासगावचा, कवठेमहांकाळचा, जतचा. त्याने वर्षभराचे पीक तुमच्या ग्राहकाच्या खोलीत ठेवले आहे. वीज गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो, मालाचा विमा आहे का, पावती कधी मिळते आणि सौद्याला माल काढायचा असेल तर आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवायचे, हे त्याला हवे असते. नाचरे रील पाहून तो आपला माल दुसऱ्या शीतगृहातून हलवणार नाही. मालक रील्सवर अडूनच बसले असतील तर आठवड्याला तीनऐवजी महिन्याला दोन करा. एकात जनरेटर चालू करून दाखवा, दुसऱ्यात बॉक्सवरचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक कसा जुळतो ते दाखवा. चित्रीकरण तुमच्या सहकारी मुलीला फोनवर सहज जमेल. बोलायचे काय ते मात्र तुम्ही लिहा.

पेजवाल्यांना पैसे देऊन गुपचूप कौतुक करून घेण्याला ठाम नकार द्या, आणि नकाराचे कारण कायद्याच्या भाषेत सांगा म्हणजे तो तुमचा आडमुठेपणा वाटणार नाही. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्येच अशा पोस्टवर जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहिण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या 2023 च्या सूचनांप्रमाणे हा उल्लेख ठळक आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत हवा, म्हणजे मराठी पोस्टवर मराठीत "जाहिरात" असे लिहिलेले हवे. हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेले चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू आहे. वर "जाहिरात" असे लिहून पैसे देण्यात काहीच गैर नाही, हेही मालकांना सांगा. ते लिहायला पेजवाला नाखूश असेल तर त्याच्या पेजची पत किती आहे ते आपोआप कळेल.

रुग्णालयाचे काम गेले याचे फार वाईट वाटून घेऊ नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णालयाच्या जाहिरातीत संस्थेचे नाव, कोणत्या रुग्णांना दाखल करतात, सोयी आणि शुल्क याच्या पलीकडे फारसे काही बसत नाही, आणि काही ठरावीक आजार बरे करण्याच्या दाव्यांवर 1954 च्या कायद्याने बंदीच आहे. भाचा सध्या जे करतो आहे ते कधीतरी अंगाशी येईल. डॉक्टरांना हे एकदा लेखी कळवा आणि विषय सोडा.

वर्तमानपत्रांकडे मात्र पाठ फिरवू नका. पाने कमी झाली, माणसे कमी झाली हे खरे. पण म्हणूनच उरलेल्या उपसंपादकाला कात्री न लावता घेता येईल असा मजकूर हवा असतो. आपल्याकडच्या प्रसिद्धिपत्रकाचा नमुना तुम्हाला तोंडपाठ असेल : "परिसराचे आधारस्तंभ, ज्येष्ठ मार्गदर्शक श्री. अमुक यांच्या कुशल नेतृत्वाखाली आणि मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला." त्यात काय झाले हे चौथ्या परिच्छेदात सापडते, सापडले तर. त्याऐवजी पहिलेच वाक्य "शीतगृहात बेदाणा ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना आता त्याच दिवशी मोबाइलवर पावती मिळणार आहे" असे असेल, तर ते एका स्तंभात का होईना, लागेल. छापून आलेल्या त्या चार ओळींचा फोटो गावच्या ग्रुपवर जेवढा फिरतो तेवढे रील फिरत नाही, कारण छापील मजकुरावर वडीलधाऱ्यांचा विश्वास अजून आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात ही सवय अजून काही वर्षे टिकेल असे मला वाटते.

राहिला पैशांचा भाग. तुम्ही आजवर महिनाअखेरीला कात्रणांची फाइल आणि "एवढ्या जागेची जाहिरात घेतली असती तर एवढे रुपये पडले असते" असा तक्ता देत आला असाल. बहुतेक जण देतात. तो बंद करा. 2010 मध्ये बार्सिलोना येथे झालेल्या या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ही जाहिरातदराची मोजणी कामाचे मूल्य दाखवत नाही असे स्पष्ट म्हटले. शिवाय तुमच्याबाबतीत ती उलटी बसते : पाने घटली की तक्त्यातला आकडा घटतो आणि मालकांना मानधन कापायला कारण मिळते. 12,000 रुपयांत 25,000 चे काम करू नका आणि अधिक तीन रील्स तर मुळीच नकोत. त्या रकमेत काय बसते ते एका पानावर लिहून द्या : महिन्यातून एक भेट, एक प्रसिद्धिपत्रक, शेतकऱ्यांच्या यादीवरचे संदेश, आणि अडचण आली तर फोनवर सल्ला. अडचणीच्या वेळचे प्रत्यक्ष काम, म्हणजे फलक, पत्रे, पत्रकारांची उत्तरे, याचा दर वेगळा आणि आधी ठरलेला असू द्या. फाउंड्रीच्या मालकांसमोर मसुदा ठेवाल तेव्हा हा दरही सोबत ठेवा. नंतर मागायला संकोच होतो.

उधारी थकली असेल (पत्रात लिहिले नाही, पण थकली असणारच), तर लघुउद्योगांसाठीची सरकारी "उद्यम" नोंदणी आजच करून घ्या; ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो. उशिरा देणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज लागते. 2023 च्या वित्त कायद्याने त्यात भर पडली ती अशी, की मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. ही शेवटची बाब तुमच्या ग्राहकाच्या सीएला पक्की माहीत असते. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मार्चच्या आधी बिलाची एक प्रत सीएंच्या कार्यालयात जाईल असे पाहा. भांडण न करता पैसे निघण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

पुण्याच्या नोकरीचे दार बंद करा असे मी सांगणार नाही. मंदीत तिथल्या मोठ्या एजन्सीही माणसे घेताना हात आखडता घेतात आणि नवख्याकडून रील्सच काढून घेतात, हे मात्र धरून चला. फाउंड्री आणि शीतगृह या दोघांशीही वरीलप्रमाणे बोलून झाल्यावर, दिवाळी आटोपल्यावर, महिन्याचे नक्की येणे किती आणि जागेचे भाडे, पगार, फोन मिळून देणे किती हे मांडा. तीन महिने सलग ताळा बसत नसेल तर विश्रामबागची जागा सोडून घरून काम करा. ग्राहक तुमच्याकडे येत नाहीत, तुम्हीच त्यांच्याकडे जाता. तेही पुरेना झाले तर अर्ज करा.

आणि तुमच्या सहकारी मुलीला हे सगळे या आठवड्यातच सांगा. तिचा पूर्ण पगार किती महिने निघेल, त्यानंतर काय करायचे असे तुमच्या मनात आहे, आणि मध्यंतरी तिला दुसरीकडे संधी आली तर तुमची हरकत असेल की नसेल, हे तिला तुमच्या तोंडून, आकड्यासह आणि तारखेसह कळू द्या.